गुलमर्गला उतरताय? आधी बुटांचं बघा
आज दिवसभर स्कीइंग झालं आणि पुन्हा पटलं, महागड्या हॉटेलात खोलीपेक्षा स्की-रूम, म्हणजे स्की आणि बूट ठेवायची खोली, मोलाची! बूट वाळवायची सोय आहे ना, हे बुकिंगलाच विचारा. आतलं अस्तर घामाने ओलं होतं. तसंच राहिलं तर सकाळी तासाभरात बोटं बधिर. हीटरसमोर मात्र मुळीच ठेवू नका, अस्तर आक्रसतं. वाळले की बकलं हलकेच लावा, नाहीतर प्लास्टिकचा आकार बिघडतो. मोजा एकच, पातळ लोकरीचा; दोन घातले की रक्त अडतं आणि पाय जास्तच गारठतात. थर्मलची कड बुटात गेली तर नडगी सोलवटते.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर, गोंडोलाचा (केबल कारचा) वरचा टप्पा ३,९०० च्या पुढे. उंचीची सवय व्हायला पहिल्या दिवशी खालच्याच उतारावर राहा. आणि हो, आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड न्या.