तुम्ही विचारलंत म्हणून : परक्याच्या युद्धात ही मुलं का जातात?

मी कल्याणला राहते, कॉलेजात इतिहास शिकवते. मे 2014 मध्ये इथले चार तरुण यात्रेकरूंच्या गटातून बगदादला गेले आणि तिथून आयसिसकडे वळले. त्यातला एक नोव्हेंबरात परत आला. तेव्हापासून स्टाफरूममध्ये, लग्नकार्यात, अगदी लोकलमध्येही मला विचारतात, "मॅडम, घरदार टाकून हे परक्याच्या भांडणात मरायला का जातात?"

धर्मवेड, असं म्हणून मोकळं होता येतं. ते खोटं नाही, पण तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. मुलगा का गेला यापेक्षा, बोलावणाऱ्याला तो कशासाठी हवा होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

रशियाशेजारच्या जॉर्जिया देशातलं पांकिसी खोरं घ्या. अलाझानी नदीकाठची मोजकी गावं, वस्ती किस्त लोकांची, म्हणजे मूळच्या चेचेनांची. तिथल्या बिरकियानी गावचा तारखान बातिराश्विली. बाप ख्रिस्ती, आई मुसलमान. जॉर्जियाच्या सैन्यात सार्जंट, 2008 मध्ये रशियाविरुद्ध लढलेला. पुढे क्षय झाला, नोकरी सुटली, मग बेकायदा शस्त्रांपायी तुरुंग. सुटल्यावर तो तुर्कस्तानमार्गे सीरियात पोचला आणि उमर अल-शिशानी, म्हणजे 'चेचेन उमर', झाला. त्याच्या टोळीचं नाव जैश अल-मुहाजिरीन वल-अन्सार : घर सोडून आलेले आणि त्यांना आसरा देणारे. पैगंबरांच्या काळी मक्केहून मदिनेला गेलेल्यांची पुण्याई त्या दोन शब्दांत आहे. बेकार माजी सैनिकाला एका रात्रीत केवढी पदवी!

अध्यक्ष असदविरुद्ध लढणारे सीरियन बंडखोर अलेप्पोजवळच्या मेनाघ लष्करी विमानतळाला महिनोन्‌महिने वेढा घालून होते. ऑगस्ट 2013 मध्ये तो पडला, त्यात या टोळीचा मोठा वाटा होता. वर्ष संपता संपता उमरने आयसिसचा म्होरक्या बगदादी याच्या नावाने बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, घेतली. ज्यांनी आधीच कॉकेशसच्या अमीराची, म्हणजे रशियातल्या कॉकेशस डोंगराळ भागातल्या जिहादी नेत्याची, शपथ घेतली होती ते मागे राहिले आणि टोळी फुटली. सीरियाचं भलं कशात, हा मुद्दा त्या भांडणात कुठेच नव्हता.

इकडे खोऱ्यातून पोरं जातच राहिली. एप्रिल 2015 मध्ये दोघं गेली, एक 18 वर्षांचा, दुसरा अवघा 16. एवढ्या लहान मुलाला विमानतळावर कोणी अडवलं कसं नाही, असं घरचे टाहो फोडून विचारत होते. मी ती बातमी वाचली तेव्हा माझ्यासमोर अकरावीचा वर्ग होता. त्या दिवशी हजेरी घेताना माझा आवाज नीट निघेना.

आता बोलावणाऱ्याचं बघा. स्थानिक लढवय्याचा मामा शेजारच्या गावात असतो, शेत असतं, सोयरीक असते. त्याच्यामार्फत तहाची बोलणी होतात, तो थकला तर घरी जातो. बाहेरून आलेल्याला यातलं काही नसतं. आयसिस तर आल्याआल्या पासपोर्टच काढून घेई. परतीची वाट नसलेला माणूस सांगाल तिथे मरतो, सांगाल त्याला मारतो. म्हणून तो हवा असतो.

असदच्या बाजूनेही तेच झालं. इराणने फातिमियून दल उभारलं ते अफगाण निर्वासितांमधून. दमास्कसजवळच्या, शियांना पवित्र असलेल्या सय्यदा झैनबच्या दर्ग्याचं रक्षण हे कारण, आणि हातात पगार, इराणमध्ये राहण्याच्या कागदपत्रांचं आश्वासन. निर्वासिताला कागदाची किंमत काय असते, हे वेगळं सांगायला नको.

8 डिसेंबर 2024 ला असद पळाला. त्याच्याविरुद्ध लढलेले, चीनमधून आलेले उइगुर मुसलमान लढवय्ये तिथेच आहेत. परत गेले तर तुरुंग ठरलेला. नव्या सरकारने त्यांच्यातल्या काहींना लष्करात हुद्दे दिले, 2025 मध्ये हजारोंना फौजेत घेण्याचं ठरवलं. इदलिब प्रांतातल्या जिस्र अल-शुगूरच्या आसपास पळून गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरांत आणि शेतांत अशा परदेशी लोकांनी बिऱ्हाडं थाटली होती. मला मुलांबद्दल विचारता तेव्हा ती घरंही माझ्या डोळ्यांसमोर येतात. जैतुनाची झाडं एकाने लावलेली, आणि तोडणीच्या हंगामात अंगणात दुसराच उभा.