बेसाचा फ्लॅट आणि बादलीभर पाणी

नागपूरजवळ बेसाला फ्लॅट बुक केला तेव्हा आईचं एकच म्हणणं होतं, बाबू सगळे पैसे एकदम नको देऊ. ऐकलं ते बरं झालं, कारण पहिल्याच मीटिंगमध्ये बिल्डरनं 20 टक्के मागितले आणि रेराच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या 2016 च्या कायद्यात तर अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर होईपर्यंत 10 टक्क्यांच्या वर घेताच येत नाही, हे सांगितल्यावर त्याचा आवाज एकदम खाली आला. महारेराच्या, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या साइटवर कार्पेट एरिया (घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा) बघा, ब्रोशरमधला जिना-लॉबी धरून फुगवलेला सुपर बिल्टअप सोडून द्या.

पझेशनच्या आधी मी आणि काकाजी बादली घेऊन गेलो. बाथरूममध्ये पाणी ओतलं तर ते जाळीकडे जायचं सोडून दाराकडे आलं आणि उंबरठ्याशी साचलं, बाल्कनीचंही तेच. साइट इंजिनिअर म्हणे राहायला आल्यावर करून देऊ. काकाजी तिथंच खाली बसले, म्हणाले काऊन, आत्ताच कर, आम्ही बसतो. टाइल्स उखडून परत बसवल्या, 8 दिवस गेले पण ढाळ नीट झाला. एवढं समाधान मला चावी घेतानाही नाही वाटलं.

मग पहिल्याच पावसात बेडरूमच्या भिंतीला ओल आली. ताब्यापासून 5 वर्षं बांधकामातला दोष बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचा असतो, कळवल्यापासून 30 दिवसांत. फोन नाही, मेलच करा, फोटो जोडून. आमच्याकडे परवा माणूस येऊन प्लास्टर खरवडून गेला.

आणि हो, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा सरकारी दाखला, बघितल्याशिवाय चावी घेऊच नका.