आईचे बारा चौकोन

आईबाबांचे मोतीबिंदू एकाच वर्षी पिकले (पस्तीस वर्षांचा संसार, दुसरं काय), म्हणून ऑपरेशनआधी पाचपाखाडीतल्या आमच्या डॉक्टरांकडे दोघांचा ईसीजी काढला. आईला आदल्या तीन दिवसांपासून जुलाब-उलट्या, आणि बाबांनी नेहमीप्रमाणे मेडिकलवाल्याला विचारून ॲझिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) आणि ऑन्डॅन्सेट्रॉन (उलटी थांबवणारी गोळी) आणून दिलेलं.

डॉक्टर त्या गुलाबी कागदावर पेनाच्या टोकाने चौकोन मोजत बसले. एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. क्यू नावाच्या लाटेपासून टी नावाची लाट संपेपर्यंतचं अंतर, म्हणजे क्यूटी, बाबांचं साडेदहा चौकोन, आईचं बारा, म्हणजे जरा जास्तच लांब. ठोके दोघांचे साठच्या आसपास. बाबा लगेच, "बघ, माझं फास्ट आहे!"

तर भानगड अशी की प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर जातं तेव्हा कुठे ती पुढच्या ठोक्याला तयार होते, आणि ज्या दारांतून ते जातं त्यातलं एक म्हणजे हर्ग चॅनेल. नावाची गंमत म्हणजे ईथर दिल्यावर पाय नाचवणाऱ्या माशीवरून ते पडलंय! हे दार आतून ऐसपैस, त्यामुळे भलभलती औषधं त्यात जाऊन अडकतात आणि क्यूटी लांबतं. लहानपणी मुलगा-मुलगी दोघांचं क्यूटी सारखंच असतं, वयात आल्यावर टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचं आखडतं, बायकांचं लांबच राहतं. म्हणजे आईचं दार मुळातच सावकाश रिकामं होणारं, त्यात दोन गोळ्या त्याच दारात. औषधांमुळे ज्यांच्या हृदयाची लय जीवघेणी बिघडते (टोरसाड म्हणतात त्याला) त्या पेशंटमध्ये दोन तृतीयांशाच्या आसपास बायका असतात, आणि गोळीचा डोस मात्र सगळ्यांना तोच, हे मला खरंच पटत नाही. पुरुषांनीही फार हसू नये, ब्रुगाडा सिंड्रोम (हृदयाची लय बिघडवणारा आणखी एक आजार) त्यांच्यातच कितीतरी जास्त दिसतो.

आणि जुलाबात पोटॅशियम गेलेलं, वर बीपीची लघवी होणारी गोळी चालूच. मला वाटायचं रक्तात पोटॅशियम कमी म्हणजे पेशीतलं आणखी पटपट बाहेर पडेल, पण उलटंच आहे, बाहेर कमी झालं की हर्ग आणखी मंदावतं. पोटॅशियमचा रिपोर्ट आला ३.१, म्हणजे कमीच.

दोन्ही गोळ्या बंद, पोटॅशियमचं सिरप चालू. सिरपची चव इतकी घाण की आईने बाबांना म्हटलं, तुम्हीच आणल्यात ना त्या गोळ्या, आता हे पण तुम्हीच प्या. चार दिवसांनी परत ईसीजी, आता पेन बाबांच्या हातात. त्यांनी दोनदा मोजले. अकरा.