वेळापत्रक माझ्याकडे राहू द्या

जानेवारीतल्या त्या सकाळी रावेर तालुक्यातले एक केळी उत्पादक शेतकरी आणि त्यांच्या पत्नी माझ्या जळगावच्या कार्यालयात आले, तेव्हा त्यांच्याजवळ पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने पाठवलेला एक कागद होता. अंदमानला पाच रात्री आणि सहा दिवसांत पाहायची सतरा ठिकाणे त्यावर लिहिलेली होती. मुलाने आईवडिलांसाठी मनापासून खपून तो कागद तयार केला होता, हे त्यावरून दिसतच होते. अण्णांनी तो टेबलावर उलगडून ठेवला, चष्मा पुसला आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, पोरगं म्हणतं आराम करून या. पण ह्याच्यात आराम कुठं लिहेल आहे, तेवढं दाखवा."

प्रवासाची आखणी करून देण्याचे काम मी चौदा वर्षे करत आहे. चारधाम, अष्टविनायक, गोवा, केरळ अशी माणसे मी पाठवत असते आणि बहुतेकांना कमी पैशांत जास्त ठिकाणे हवी असतात. ज्यांना काहीच पाहायचे नाही असे गिऱ्हाईक क्वचित येते, आणि त्याची आखणी सगळ्यांत अवघड असते, हे मी त्या दिवशी पुरते शिकले.

काकूंनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, की तिथे नळाला पाणी किती दिवसाआड येते. मी सांगितले, की हॉटेलात पाणी चोवीस तास असते. त्यांचे समाधान झाले नाही. "म्हणजे रात्री उठाले लागत नाही?" असे त्यांनी पुन्हा विचारले, आणि मग मला त्या घराचा दिनक्रम उलगडत गेला. शेतीपंपाची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या पाळीला अण्णा बॅटरी घेऊन बागेत जातात, मोटर चालू करतात, ठिबकचा फिल्टर धुतात, एका भागाचे कॉक बंद करून दुसऱ्याचे उघडतात आणि पहाटे परततात. गावातल्या नळाचे पाणी ज्या दिवशी येते त्या दिवशी काकू उठलेल्या असतात. गेल्या कित्येक वर्षांत दोघे एकाच रात्री सलग झोपले आहेत असे फार थोड्या वेळा घडले असावे. थंडीचा चरका सरत आला होता, उन्हाळ्याचे वारे सुरू व्हायला अवकाश होता आणि पुतण्याने दहा-अकरा दिवस बाग सांभाळायचे कबूल केले होते. तेवढीच सवड होती.

त्यांना विश्रांती हवी होती, म्हणजे कोणाच्या तरी पाळीसाठी जागे राहण्यातून सुटका हवी होती. आणि मी त्यांना पाठवणार होते अशा ठिकाणी, जिथे बोट, विमान, भरती, ओहोटी, सगळेच घड्याळावर चालते. ते घड्याळ त्यांच्या मनगटावर न राहता माझ्याकडे राहील अशी आखणी करायची, असे मी तेव्हाच ठरवले.

मुलाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्याचे म्हणणे असे, की एवढे लांब जात आहेत तर सगळे पाहून यावे. मी त्याला एकेक ठिकाण समजावून सांगितले. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांसाठी पहाटे तीन-चारला निघावे लागते आणि तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. त्या वाटेवरून जाताना पर्यटकांच्या माना खिडकीबाहेर वळतात आणि माणसे माणसांना पाहायला जातात, म्हणून तो फेरफटका मी कोणालाच विकत नाही. स्कूबा, म्हणजे हवेची टाकी पाठीला लावून समुद्रात बुडी मारणे, काकूंच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. हॅवलॉक बेट सुंदर आहे, मात्र तिथे वर्दळ जास्त. कागदावर नील बेटाच्या वाट्याला जेमतेम एक रात्र आली होती. मी ते उलटे केले आणि चार रात्री नीललाच दिल्या.

मुलगा आधी थोडा नाराज झाला. "मॅडम, चार दिवस ते करतील काय?" असे त्याने विचारले. मी उत्तर देण्याआधी अण्णाच म्हणाले, "आमाले कुठं फिराचं नाही रे बाप्पा, आमाले निस्तं बसाचं आहे." त्यानंतर मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने एवढेच विचारले, की पैसे कोणत्या खात्यावर पाठवू.

लक्षद्वीपचा विचार अण्णांनीच काढला होता, कारण २०२४च्या जानेवारीत पंतप्रधान तिथे जाऊन आल्यापासून त्याचे नाव गावोगावी झाले आहे. पण लक्षद्वीपला बाहेरच्या भारतीयांनाही परवाना काढावा लागतो, आणि हाताशी असलेल्या दिवसांत ती कागदपत्रे वेळेवर होतील याची खात्री मला देता येईना. अंदमानच्या नेहमीच्या पर्यटन बेटांवर भारतीयांना तशी परवानगी लागत नाही. शिवाय नील बेट, ज्याचे नाव २०१८च्या डिसेंबरपासून शहीद द्वीप झाले आहे, ते अण्णांना मानवेल असे मला मनातून वाटत होते. टोकापासून टोकापर्यंत हे बेट जेमतेम पाच-सहा किलोमीटरचे आहे. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना तिथे वसवले गेले आणि त्यांनी जंगल काढून शेती उभी केली. आजही तिथून पोर्ट ब्लेअरच्या बाजारात भाजीपाला जातो. गावांची आणि किनाऱ्यांची नावे रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. ही नावे ऐकून काकू पहिल्यांदा हसल्या. आणि शेती आहे म्हटल्यावर अण्णा खुर्चीत पुढे सरकून बसले.

मग खरे काम सुरू झाले. भुसावळहून हावड्याला रेल्वे, दोन्ही खालचे बर्थ. कोलकात्यात एक रात्र. तिथून विमानाने सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर, ज्याला २०२४पासून श्री विजयपुरम म्हणतात. तिथल्या पहिल्या मुक्कामात फक्त सेल्युलर जेल. सावरकरांना १९११मध्ये जिथे नेले ती कोठडी पाहायची, ही अण्णांची एकुलती एक मागणी होती.

भरती-ओहोटीचा तक्ता मी समोर घेतला. मालवणच्या एका होमस्टेवाल्या काकांनी मला पूर्वी शिकवले होते, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट म्हणजे सहा. हा हिशेब कोकण किनाऱ्याचा आहे, तो अंदमानला लागू पडत नाही. तिथे पोर्ट ब्लेअरचाच तक्ता पाहावा लागतो. मात्र एक गोष्ट दोन्हीकडे सारखी, की भरती आणि ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, म्हणजे पाणी चढतेही जास्त आणि ओसरतेही जास्त. भरतपूरचा किनारा उथळ आणि वाळूचा असल्यामुळे काकूंना पाण्यात बसायला तोच योग्य होता, पण पूर्ण ओहोटीला तिथे प्रवाळ आणि खडक उघडे पडतात, त्यामुळे बसायची वेळ भरतीच्या आसपासची हवी. उलट लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची नैसर्गिक दगडी कमान पाहायची तर ओहोटीच हवी, आणि तिथली वाट मेलेल्या प्रवाळाच्या धारदार, निसरड्या दगडांवरून जाते. म्हणून ती मी फक्त अण्णांसाठी ठेवली, तीही वाटली तर.

सूर्याचाही हिशेब बदलावा लागला. फेब्रुवारीत जळगावला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्या आसपास मावळतो. घड्याळ तेच असले तरी नील एवढ्या पूर्वेला आहे, की तिथे पावणेसहाच्या सुमारास उगवून साडेपाचच्या आतच मावळतो. जळगावच्या सवयीने सहाचा चहा घेऊन सूर्यास्त पाहायला निघालेली माणसे अंधारात पोहोचतात, हे मी गिऱ्हाइकांकडून ऐकले आहे.

हॉटेलला मी तीन गोष्टी लेखी कळवल्या. खोली तळमजल्यावर आणि बिनपायऱ्यांची असावी, कमोड असावा, आणि झाडाखाली हात असलेल्या दोन लाकडी खुर्च्या रोज मांडलेल्या असाव्यात, कारण आरामखुर्चीतून काकूंना उठता आले नसते. प्रवाळाचा किंवा शंखशिंपल्याचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, हेही दोघांना सांगितले. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे आणि विमानतळावर पिशव्या तपासल्या जातात.

शेवटची रात्र मी पुन्हा पोर्ट ब्लेअरला ठेवली. मुलाला तो एक दिवस वाया जातो असे वाटले. काही वर्षांपूर्वी मी चाळीसगावच्या एका कुटुंबाला बेटावरून सकाळी निघून त्याच दुपारचे विमान दिले होते. नोव्हेंबरचा महिना होता, समुद्र खवळला, बोट सुटलीच नाही आणि दोन लहान मुलांसह ते कुटुंब धक्क्यावर अडकले. त्यांच्या नव्या तिकिटांचा अर्धा खर्च मी सोसला, पण त्या आईचा फोनवरचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तेव्हापासून बेट सोडण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस मी कधीही एक ठेवत नाही.

नील सोडायच्या दिवशी सकाळी दहा वाजता मला संदेश आला, की त्यांची दुपारची खासगी बोट यांत्रिक बिघाडामुळे रद्द झाली आहे. विमान दुसऱ्या दिवशी होते. त्यांना लगेच फोन करावा असे मनात आले, पण मी केला नाही. आधी हॉटेलच्या व्यवस्थापकांना फोन केला. त्यांनी एका मुलाला, मी पाठवलेल्या आधारच्या प्रती देऊन, धक्क्यावरच्या सरकारी बोटीच्या खिडकीशी उभे केले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एका खासगी बोटीत दोन जागा मी हाती धरून ठेवल्या, तरी त्यावर माझा भरवसा नव्हता. दीड तास मी दुसरे कोणतेही काम करू शकले नाही. पावणेबाराला त्या मुलाने तिकिटांचा फोटो पाठवला. मगच मी अण्णांना फोन केला आणि सांगितले, की बोट बदलली आहे, जेवण निवांत करा, हॉटेलचा मुलगा तुम्हाला धक्क्यावर सोडेल. "बरं ताई," एवढेच ते म्हणाले. मागे काकू कोणाशी तरी हिंदी-मराठी मिसळून भाजीच्या बियाण्याबद्दल बोलत होत्या.

परतल्यावर आठवड्याभराने दोघे कार्यालयात आले. केळीच्या वेफर्सची पिशवी टेबलावर ठेवून अण्णांनी खिशातून मी लिहून दिलेला भरती-ओहोटीचा कागद काढला. त्याच्या घड्या झिजल्या होत्या. माझ्या प्रत्येक वेळेसमोर त्यांनी निळ्या पेनने, पाणी प्रत्यक्षात कधी फिरले ती वेळ लिहिली होती. कुठे दहा मिनिटांचा फरक, कुठे पंधराचा, आणि एका ठिकाणी "वारा होता" अशी नोंद. बागेतल्या पाण्याच्या पाळ्या जशा वहीत लिहितात, तशाच अक्षरात. ते पाणी कुठल्या कॉकने बंद होत नाही, हे त्यांना फार आवडले असावे, कारण ते त्याबद्दल बराच वेळ बोलले.

तिसऱ्या दिवसाची सकाळची ओळ तेवढी कोरी होती. मी त्यावर बोट ठेवून विचारले, तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. काकूंनीच सांगितले, "त्या दिवशी हे नऊ वाजेलोक झोपेल होते. मी उठवलं नाही."