रो कुठला निवडायचा? आधी काय थकतं ते बघा

पाठीसाठी रो (वजन अंगाकडे ओढण्याचा व्यायाम) निवडताना मी एकच गोष्ट तपासत गेलो: सेट थांबतो तेव्हा नेमकं थकलेलं काय असतं? पाठ, कंबर की पकड?

सुरुवात बारबेल रोने. गुडघे किंचित वाकवलेले, धड जमिनीशी साधारण 30 ते 45 अंशांवर, रॉड बेंबीच्या दिशेने. 50 किलोला 8-8 रॅपचे (रॅप म्हणजे एकदा ओढून सोडणं) 3 सेट. बाजूने व्हिडिओ काढला तेव्हा कळलं, पाचव्या रॅपपासून धड वर येतंय आणि शेवटचे दोन रॅप तर कमरेच्या झटक्यावर चाललेत. वजन 40 वर आणलं. वर पोटाशी रॉड एक सेकंद थांबला पाहिजे, हा नियम ठेवला. थांबत नसेल तर वजन जास्त आहे.

मग पेंडले रो. यात प्रत्येक रॅपनंतर रॉड जमिनीवर टेकतो, त्यामुळे झटक्याची चोरी लगेच दिसते. पण इथे प्लेटचा व्यास आडवा येतो. ऑलिंपिक मापाची 20 किलोची प्लेट 45 सेंटीमीटरची, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर. जिममधल्या 10 किलोच्या लोखंडी प्लेटा बऱ्याच लहान असतात. रॉड तेवढा खाली जातो आणि तो गाठायला कंबर गोल होते. उपाय साधा: दोन्ही टोकांखाली दोन-दोन प्लेटा आडव्या रचायच्या.

डेडलिफ्टच्या (जमिनीवरून जड रॉड उचलून उभं राहण्याच्या व्यायामाच्या) दुसऱ्या दिवशी मात्र हे दोन्ही बाद. कंबर आधीच दमलेली असते, लॅट्सपर्यंत (पाठीच्या दोन्ही बाजूंचे मोठे स्नायू) काम पोचतच नाही. त्या दिवसासाठी तिरप्या बाकावर छाती टेकवून करायचा डंबेल रो ठेवला. बाक 30 अंशांपेक्षा कमी ठेवला की हात सरळ होण्याआधीच डंबेल जमिनीला लागतात. मला 40 च्या आसपास जमलं. कोपर अंगाशी ठेवून कमरेकडे ओढलं तर भर लॅट्सवर. कोपर बाहेर काढून छातीच्या दिशेने ओढलं तर पाठीवरच्या दोन फऱ्यांमधले (खांद्याच्या पसरट हाडांमधले) स्नायू आणि खांद्याचा मागचा भाग जास्त काम करतो. कोपर फार मागे नेलं की खांदा पुढे कलंडतो, तिथेच थांबावं.

एका हाताचा डंबेल रो कमकुवत बाजूने सुरू करतो आणि दुसऱ्या हाताला तेवढेच रॅप. त्यात धड पिळलं की वजन वाढल्यासारखं वाटतं, वाढलेलं नसतं. केबल रोबद्दल (बसून मशीनची तार ओढायचा प्रकार) फार सांगण्यासारखं नाही. पुढे जाताना फरे मोकळे सोडा, झोके घेऊ नका.

शेवटी सोमवारी पेंडले 6 चे 4 सेट आणि गुरुवारी, डेडलिफ्टच्या दुसऱ्या दिवशी, छाती टेकवून 10 ते 12 चे 3 सेट, असं बसवलं. डंबेल अडीच किलोच्या टप्प्याने वाढतात, दोन हातांचे मिळून पाच. म्हणून तिन्ही सेट 12 ला पोचल्याशिवाय पुढचं डंबेल उचलत नाही. पकड आधी सुटत असेल तर फक्त शेवटच्या सेटला स्ट्रॅप (मनगटाला बांधायचा, पकडीला मदत करणारा पट्टा).

टी-बार रोचं (एक टोक अडकवलेला रॉड दुसऱ्या टोकाने ओढायचं) मशीन नसेल तर रॉडचं एक टोक कोपऱ्यात अडकवूनही काम होतं. त्या टोकाला जुना टॉवेल गुंडाळा, नाहीतर भिंतीचा गिलावा उडतो आणि मालकाची बोलणी बसतात. इथे मात्र त्याच लहान 10 किलोच्या प्लेटा हव्यात, कारण मोठी प्लेट छातीला आधीच आपटते आणि ओढ अर्ध्यावर राहते.