तुम्ही विचारलंत म्हणून: कवठ पिकले हे कळते कसे?

माघ लागला की इंदूरातले आमचे कोणी ना कोणी शेजारी किंवा नातलग विचारतातच, "तुमच्या अंगणातली कवठे इतकी गोड कशी? आम्ही आणलेले फोडले की आत पांढुरका, तुरट गर निघतो." इकडे कवठाला कबीट म्हणतात आणि शहरातल्या कबीटखेडीच्या नावातही ते आहे, तेव्हा हे फळ मालव्याला नवे नाही. अडचण एवढीच, की कवठाचा रंग पाहून काहीच कळत नाही. पेरू दाबून पाहता येतो, आंबा पिवळा पडतो. कवठाचे करडे, लाकडासारखे कवच मात्र आतला पत्ता लागू देत नाही. हत्तीने गिळलेले कवठ बाहेरून अखंड आणि आतून पोकळ, अशा अर्थाचा 'गजभुक्तकपित्थ' हा दाखला संस्कृतात उगाच आलेला नाही.

सासूबाईंनी मला शिकवलेली परीक्षा अगदी साधी होती. फळ फरशीपासून फूटभर उंचीवर धरायचे आणि सोडून द्यायचे. कच्चे असेल तर ते चेंडूसारखे उसळते आणि तयार असेल तर 'थप्' असा बसका आवाज करून जागीच राहते. मात्र जे उसळत नाही ते लगेच खाण्याजोगे झाले, असा अर्थ कोणी घेऊ नये. ते पिकायला लायक झाले, एवढेच त्यावरून ठरते. त्यानंतर साधारण दोन आठवडे ते उन्हात ठेवावे लागते. गच्चीवर गोणपाट अंथरून मी फळे सुटी मांडते आणि एक दिवसाआड फिरवते. देठाच्या खाचेशी नाक नेले असता गुळासारखा, किंचित आंबूस वास आला की फळ आत घ्यावे. तो वास ताडीकडे झुकू लागला, तर उशीर झाला असे समजावे.

एका वर्षी घाई म्हणून मी डझनभर फळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तांदळाच्या डब्यात ठेवली. आठ दिवसांनी पाहिले तर देठांपाशी हिरवी बुरशी धरली होती आणि पुढचे दोन महिने भातालाही तोच वास येत राहिला. तेव्हापासून तडा गेलेले फळ मी साठवणीत ठेवत नाही, त्याच दिवशी वापरून टाकते.

पूर्ण पिकलेल्या फळाचा गर तपकिरी आणि चिकट असतो. त्यात गराच्या निम्मा गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लाल तिखट आणि सैंधव घालून हातानेच कालवले की शिवरात्रीच्या उपवासाची चटणी होते. मिक्सरमध्ये घातल्यास बिया भरडल्या जातात आणि चटणी कचकच लागते. आमच्या जाऊबाई कच्च्या कवठाची हिरवी मिरची, कोथिंबीर आणि हिंग घालून मालवी पद्धतीची चटणी करतात. तीच खरी चटणी, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ती पोळीबरोबर आवडते, नुसती नाही.

जेलीसाठी मात्र अर्धवट पिकलेलीच फळे घ्यावीत, कारण जेली धरून ठेवणारे पेक्टिन फळ फार पिकले की कमी होते. गर बुडेल इतक्या पाण्यात अर्धा तास मंद आचेवर शिजवून मी तो फडक्यात बांधून रात्रभर टांगते आणि कितीही मोह झाला तरी पिळत नाही, कारण पिळल्याने रस गढुळतो. वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर घालून उकळत राहावे आणि चमचा तिरपा करून पाहावे: काठावरचे दोन थेंब सुटे न गळता एकमेकांना मिळून पापुद्र्यासारखे सरकले, की भांडे लगेच उतरवावे.

बाकी झाड सासऱ्यांनी बी लावून वाढवलेले आहे आणि त्याने पहिले फळ सोळाव्या वर्षी दिले, त्यामुळे रोप मागणाऱ्यांना मी फळेच देते. ती न्यायची असतील तर शिवरात्रीच्या दोन आठवडे आधी या. आदल्या दिवशी आलात तर फरशीवर उसळणारीच मिळतील.