ब्लास्टिंग झालं, प्रायमर राहिला: बोटीच्या ट्रेलरचा माझा अनुभव

आधी मुद्द्याचं सांगतो. गंजलेला ट्रेलर ब्लास्टिंगला, म्हणजे दाबाच्या हवेने कठीण कण मारून गंज उडवायला, देणार असाल, तर ब्लास्टिंग आणि पहिला प्रायमर (रंगाचा सगळ्यांत खालचा थर) एकाच जागी, एकाच दिवशी होईल असं लेखी घेतल्याशिवाय तो यार्डाच्या गेटमधून आत नेऊ नका. आमचं काम अडलं ते इथेच. आज ट्रेलर उत्तम उभा आहे, पण तो राग अजून गेलेला नाही.

आमची फायबरची छोटी होडी गोव्यातल्या शापोरा नदीत चालते, आउटबोर्ड इंजिनावर. रॅम्पवरून होडी उतरवताना ट्रेलर एक्सलपर्यंत खाऱ्या पाण्यात जातो आणि वर आला की तसाच उन्हात वाळतो. चौकट चौकोनी पाइपची. वरून काळा रंग बरा दिसत होता, पण वेल्डिंगच्या कडेला फुगे आले होते आणि ग्राइंडर लावला तेव्हा पोपडेच्या पोपडे निघाले. मागचा आडवा पाइप तर हातोडीने ठोकल्यावर भदभद वाजायचा. तो कापून नवीन घातला, बाकीची चौकट जाडीला ठीक होती.

हॉट डिप गॅल्व्हनायझिंग करा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. नवीन ट्रेलर बनवत असाल तर डोळे मिटून तेच करा. जुन्या चौकटीचं गणित वेगळं असतं. ती साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. बंद पाइपमध्ये ओल अडकलेली असेल तर तिची वाफ होऊन पाइप फुटू शकतो, म्हणून प्रत्येक पोकळीला भोकं पाडावी लागतात. शिवाय गंजून पातळ झालेला पाइप त्या उष्णतेत वाकण्याची भीती. पावडर कोटिंग दिसायला देखणं, पण एकदा दगड लागून टवका उडाला की खारं पाणी थराखाली शिरतं आणि वरून काही कळतही नाही. म्हणून आम्ही तीन थरांचं ठरवलं: झिंकयुक्त (जस्ताचे कण असलेला) एपॉक्सी प्रायमर, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारा रंग, त्यावर एपॉक्सीचा जाड थर, आणि सगळ्यांत वर पॉलियुरेथेन म्हणजे पीयू. वरचा पीयू हवाच, कारण नुसतं एपॉक्सी उन्हात खडूसारखं पांढरं पडून झिजतं.

या पद्धतीची सगळी भिस्त खालच्या झिंकवर. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, पण त्यासाठी जस्ताचा कण उघड्या लोखंडाला थेट टेकला पाहिजे. मध्ये गंजाचा, जुन्या रंगाचा किंवा रस्ट कन्व्हर्टरचा (गंजावर लावायच्या रसायनाचा) थर राहिला तर ते महागडं झिंक साध्या रंगाइतकंच काम करतं. म्हणूनच ब्लास्टिंग. सफाईची मागायची प्रत म्हणजे एसए अडीच (Sa 2½), जवळजवळ पांढरं लोखंड. वायर ब्रशने ती येत नाही, कितीही घासा.

हब, बेअरिंग, स्प्रिंगचे पाटे, रोलर, विंच, वायरिंग हे सगळं घरीच सोडवलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता यार्ड. जागेचं नाव घेत नाही. औद्योगिक वसाहतीतलं मोठं यार्ड, कॉम्प्रेसर मोठा, कॉपर स्लॅगने, म्हणजे तांबं गाळताना उरलेल्या मळीच्या कणांनी, ब्लास्टिंग. साधी वाळू वापरत नव्हते ही चांगली गोष्ट, कारण वाळूच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होतो. अडचण एकच: आमचं काम लहान. दर वेळी कुणाच्या शेडचे ट्रस नाहीतर बार्जचे पत्रे पुढे घुसायचे. "भाई, उद्या लावतो" हे इतक्या वेळा ऐकलं की शेवटी दादाने फोन करणंच सोडलं. आणि दिवस होते ते नेमके कामाचे, दिवाळीनंतरचे. होडी पाण्यात नुसती बांधलेली, तळाला शेवाळ आणि शिंपल्या धरायला लागलेल्या.

गोव्यात सगळे ट्रेलर पावसाळ्यात दुरुस्तीला काढतात, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर आलेल्या, माणसं मोकळी. पण रंगासाठी याहून वाईट काळ नाही. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा) किमान ३ अंश जास्त हवं आणि हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी, हा नियम बहुतेक सगळ्या चांगल्या रंगांच्या माहितीपत्रकात असतो. हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २४ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे लोखंड २७च्या वर पाहिजे. पावसात सावलीतल्या शेडमध्ये ते कुठून आणणार? चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) थांबा, पाऊस पुरता सरू द्या, मग हात घाला. हिवाळ्यातसुद्धा सकाळचं दव उतरल्यावरच.

शेवटी एकदाचा नंबर लागला. मी आधीपासून सांगून ठेवलं होतं की ब्लास्टिंगच्या अगोदर ट्रेलर गोड्या पाण्याने प्रेशरने धुवा. खाऱ्या पाण्यातल्या लोखंडाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं, आणि न धुता ग्रिट (ब्लास्टिंगचे कण) मारला तर ते मीठ तिथेच आणखी दाबलं जातं. "हो हो" म्हणाले. धुतलंच नाही. वर ब्लास्टिंग सुरू केलं जेवणाच्या सुट्टीनंतर, संपवलं दिवेलागणीला, आणि ट्रेलर शेडबाहेर तसाच उघडा ठेवून सगळे घरी गेले. प्रायमरचा डबा ऑफिसात, सील न फोडलेला.

सकाळी पोचलो तर अख्खी चौकट नारिंगी. खड्ड्याखड्ड्यांत काळपट ठिपके, तिथलं मीठ रात्रभर ओल ओढत होतं. सुपरवायझर शांत. म्हणाला, "मार प्रायमर, कांय जायना." म्हणजे काही होत नाही. मी रंगाचं माहितीपत्रक काढून त्याच्यापुढे धरलं: ब्लास्टिंगनंतर काही तासांत, गंज परत दिसायच्या आत प्रायमर. त्यावर त्याचं उत्तर, "कागदावर सगळंच लिहितात." कामगार कापडाने पुसायला धावला. कापडाने पुसल्याने मीठ जात नाही आणि लोखंडही पांढरं होत नाही. मी ट्रेलरसमोरून हललो नाही.

मग पैशांचा वाद. दुसऱ्या ब्लास्टिंगचे पैसे कोण देणार? माझं म्हणणं सरळ होतं: मी मागितलं ते एसए अडीच लोखंड, आणि मी घेतोय तेव्हा ते तसं नाही. किती वाजता संपवलं, कुठे ठेवलं, याचे फोटो काढून ठेवले होते, म्हणून बोलता आलं. दादाने मालकांना भेटून हेच शांतपणे समजावलं, आणि मालक माणूस समजूतदार निघाला. पैसे न घेता पुन्हा करून देतो म्हणाले. पण रांगेत पुन्हा शेवटी! चूक यार्डाची, आणि थांबायचं आम्ही. त्या थांबण्याचा मला खरा संताप आहे. ज्याचं पोट होडीवर आहे त्याला एक-एक दिवस मोजावा लागतो, हे त्या ऑफिसात बसलेल्याला कळत नाही.

दुसऱ्या खेपेला मी दिवसभर तिथेच बसलो. धुणं आदल्या दिवशी माझ्यासमोर. दव उतरल्यावर दहाच्या सुमारास ब्लास्टिंग सुरू, दुपारी एकपर्यंत पूर्ण. कोरड्या हवेने धूळ उडवली, आणि त्यानंतर लोखंडाला कुणाचा उघडा हात लागू दिला नाही, कारण घामातही मीठ असतं. वेल्डिंगच्या रेषा, कोपरे, भोकांच्या कडा यांना आधी ब्रशने झिंकचा हात दिला. स्प्रेचा रंग धारेवर पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. मग स्प्रे. तीनच्या आत चौकट पूर्ण राखाडी झाली होती. समाधान काय असतं ते त्या रंगात पाहिलं. झिंक जड असतं, डब्याच्या तळाला बसतं, म्हणून मारताना सतत ढवळायला एक माणूस लागतो. तो मीच होतो.

एपॉक्सी आणि पीयू घरी केले. एपॉक्सीवर पीयू मारायला माहितीपत्रकात ठरावीक मुदत असते. ती उलटली तर आधी घासून खरखरीत करावं लागतं, नाहीतर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. हार्डनर मिसळल्यावर उन्हात डबा लवकर आळतो, तेव्हा थोडा थोडाच मिसळा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासात गेलं तर दम्यासारखा त्रास कायमचा लागू शकतो. म्हणून आम्ही स्प्रे केलाच नाही. मोकळ्या हवेत, कार्ट्रिजचा मास्क लावून ब्रश आणि रोलरने केलं.

पाइपच्या आतलं विसरू नका. गंज आतूनही खातो. सगळ्यांत खालच्या टोकाला पाणी निघायला भोक ठेवलं आणि लांब नळीने आत मेणाचा स्प्रे मारला.

आणखी दोन गोष्टी, ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. चौकटीवर ठोकलेला चासी नंबर असतो, त्याचा यार्डात नेण्याआधी फोटो आणि पेन्सिलीने कागदावर ठसा घ्या, आणि तेवढ्या जागेवर टेप लावून एकच पातळ हात द्या. तीन थर चढले की नंबर वाचता येत नाही आणि आरटीओत अडतं. दुसरं, मागच्या दिव्यांचं अर्थिंग बहुतेक ट्रेलरांत चौकटीतून येतं. नव्या रंगाने ते तुटतं. रंग खरवडत बसू नका, दिव्यांना वेगळी अर्थची वायर ओढा.

आता रॅम्पवरून वर आलो की गोड्या पाण्याचा पाइप आधी ट्रेलरला, मग होडीला. होडी टेकते त्या लाकडी पट्ट्यांवरचं कार्पेट मीठ धरून ठेवतं, ते उचलून खालूनही धुवावं लागतं. झिंकचा छोटा पॅक घरी ठेवला आहे. ओरखडा लोखंडापर्यंत गेलेला दिसला की तेवढाच भाग घासून, धुऊन, वाळवून त्याच आठवड्यात हात मारतो.